जुन्या पुढाऱ्याची गोधडी

नाना, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि लिहायला बसले आज. तिसरीपर्यंतच शिकले मी, तेव्हा चुका पोटात घाला. माझी नात, म्हणजे तुमची पणती, इथे अमेरिकेत ॲन आर्बरच्या कॉलेजात आफ्रिका शिकते. आपली आफ्रिका, नाना! सुट्टीत घरी, शुगर लँडला आली आणि दोन दिवस मलाच बोलतं करतेय. "आजी, पणजोबांच्या शॉपमध्ये काय विकायचे?" मला एवढा आनंद, की दोनदा चहा उतू गेला.

म्हटलं, कांगा. तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड. इंग्रज गेले आणि त्यावर नव्या पुढाऱ्याचं तोंड आलं. बायका गाणी म्हणत दुकानात शिरायच्या. दहा वर्षंही झाली नसतील, लष्कराने त्याला हाकललं. तुम्ही उरलेलं कापड जाळायला काढलंत, तर आई म्हणते, "अहो, चांगलं सुती आहे, गोधडी होईल." तोंडं आत घालून, वर जुनं पांढरं धोतर लावून शिवली तिने.

ती धुऊन अंगणात वाळत मी घातली, नाना. ओल्या धोतरातून पुढारी चष्म्यासकट वर आला. मी खुदकन हसले. शेजारची बाई हसली नाही, आत जाऊन तिने कडी लावली. दुपारी लष्कराची जीप आली, तुम्हाला घेऊन गेली. पाचव्या दिवशी तुम्ही परत आलात, ते डाव्या कानाने ऐकू येईनासं होऊन. "बाहेर कशाला घातलीस?" तुम्ही आईला विचारलंत. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चुकलं माझं."

नातीचे डोळे चमकले. "आजी, दिस इज गोल्ड!" ती तिकडेच निघालीय, आपल्याच गावी, सहा महिने. तिथे निवडणूक आहे. फोनवर फोटो दाखवला: दुकानांत नव्या तोंडांचे कांगे आणि नाक्यावर जीपा. तिथल्या मैत्रिणीने हिच्यासाठी एक घेऊन ठेवलाय.

"कुठल्या साहेबाचा?"

"जो हरणार त्याचा. त्याचंच डिझाइन छान आहे."

"घालू नकोस गं."

"चिल, आजी. मी अमेरिकन आहे."

तुम्हीही म्हणायचात, आपण दुकानदार, आपल्याला कोण विचारतो.

आत्ता वर बॅगा उलट्यापालट्या होतायत. मुलगा जिन्यावरून ओरडला, "आई, हिचा पासपोर्ट बघितलास का?"

"नाही रे," म्हटलं.

माझ्या ओच्यात आहे तो, नाना. विमान सकाळचं आहे. तोवर मी या खुर्चीवरून उठणार नाही.