पाण्याखालचा गडी

१४ ऑक्टोबर १९९६

सतरावा आठवडा. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालून आज घरी आले. उठायचं नाही. संडासापुरतं, तेही कुणाचा तरी हात धरून. डॉक्टरबाईंनी मला दोनदा सांगितलं, मग शिवतेजला बाजूला घेऊन तिसऱ्यांदा. पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा घातल्यात – पाय वर, डोकं खाली. नेरुळला येऊन दोन वर्षं झाली, पण या खोलीचं छत मी आज पहिल्यांदा बघतेय. पंख्याजवळ ओल आलीय. आकार बदकासारखा.

१७ ऑक्टोबर

बदक.

२० ऑक्टोबर

शिवतेज सकाळी म्हणाला, ही बोटं काय करतायत? मला कळलंच नव्हतं – चादरीवर टाइप करत होते! बेलापूरच्या ऑफिसात सात वर्षं टायपिंग केलं, बोटांना रजा म्हणजे काय ते कळत नाही. कुठलं पत्र चाललंय, असं त्याने विचारलं. 'विषय – रजा वाढवून मिळणेबाबत.' तो हसला.

पहिलं अठराव्या आठवड्यात गेलं होतं. दुसरं बाविसाव्यात. आम्ही दोघंही आकडे मनात मोजतो आणि एकमेकांना सांगत नाही.

२२ ऑक्टोबर

व्हिडिओ गेम आणलाय! रबाळ्याहून पहिली पाळी करून येताना तो वाशीला उतरला होता म्हणे. मला वाटलं फळं आणली असतील. पांढरा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. टीव्ही बाहेरच्या खोलीतून उचलून माझ्या पायथ्याशी आणला. अर्धा तास चॅनेल लावत बसला होता, नुसत्या मुंग्या. मग कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली – आणि एकदम निळं आभाळ! असलं निळं मी कधी पाहिलं नव्हतं.

तुझ्या बोटांना काम, म्हणाला.

२५ ऑक्टोबर

एक ठेंगणा माणूस. टोपी, मिश्या. डावीकडून उजवीकडे धावतो, उड्या मारतो, खड्ड्यात पडतो. मला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय, त्यामुळे माझं सगळं जग आडवं. माझ्या बाजूने बघितलं तर तो धावतच नाही, उभी भिंत चढतो. वर वर वर. खड्डा आला की मी श्वास धरते. श्वास धरायचा नाही, असंही डॉक्टरबाईंनी सांगितलंय.

२९ ऑक्टोबर

आज पाण्याखाली पोचले.

काय सांगू. आतापर्यंत तो धडपडत होता आणि एकाएकी सगळं सावकाश. पोहतो. बटण हळूच दाबलं की थोडा वर येतो, सोडलं की पिसासारखा खाली. मासे त्यांच्या त्यांच्या कामाला चाललेले. गाणंसुद्धा झुल्यासारखं. दुपारी दोन ते चार मी तिथेच होते. लाइट गेले तेव्हा एकदम खोली दिसली – कपाट, औषधं, पाण्याचा तांब्या – आणि मला ओळखच पटेना.

मग डोळा लागला. स्वप्नात आमची सोसायटी पाण्याखाली. जिन्यावरून लोक पोहत वरखाली करतायत, कुणाला घाई नाही. मी खिडकीतून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही.

३ नोव्हेंबर

सासूबाई आल्या गावाहून. शिवतेजच्या घरी सासूला आत्या म्हणायची रीत आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, माझ्या तोंडात अजून बसत नाही. आल्या तशा पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. मला बघितलं, विटा बघितल्या, टीव्ही बघितला. बोलल्या काहीच नाहीत. आमचं कोर्टातलं लग्न. तेव्हाही त्या अशाच बोलल्या नव्हत्या.

६ नोव्हेंबर

टीव्हीची किरणं पोटातल्याला लागतात असं आत्यांना कुणीतरी सांगितलंय. मला नाही सांगितलं त्यांनी, शिवतेजला सांगितलं, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. त्याने डॉक्टरबाईंना फोन केला. काही होत नाही म्हणाल्या. तरी आत्यांनी टीव्ही आणि माझ्या मधे खुर्चीवर तांब्याभर पाणी आणून ठेवलंय. आता उजवीकडचा खालचा कोपरा दिसत नाही. खड्डे नेमके तिथेच येतात.

१० नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सगळ्या नेरुळवर धूर. आत्यांनी चकली हातात दिली, गरम. मी आडवी, चकली छातीवर, चुरा गळ्यात. आत्यांना हसू आलं बहुतेक. पाठ फिरवून गेल्या, पण खांदे हलत होते.

१८ नोव्हेंबर

बावीस.

१९ नोव्हेंबर

आज गेम लावला नाही. काहीच केलं नाही. हात पोटावर ठेवून बसून – पडून – राहिले. खिडकीतून पाण्याची टाकी आणि तिच्यावर एक बगळा. तो होता तोवर मी हलले नाही.

२५ नोव्हेंबर

तेवीस! शिवतेजला मी आकडा मोठ्याने सांगितला. तो म्हणाला, माहितेय.

सारसोळ्याची गोजरा मासे घेऊन आली होती. आत्या मासे खात नाहीत, पण शिवतेजसाठी तिला थांबवलं. गोजराने दारातून पाण्यातला खेळ बघितला, टोपली डोक्यावर तशीच. खूप वेळ बघून म्हणाली, 'हे पानी खाडीचं नाय. खाडीच्या पान्यात एवढं दिसत नाय.' आणि गेली. आत्या दारात उभ्याच राहिल्या. मग खुर्चीवरचा तांब्या उचलून खाली ठेवला आणि स्वतः खुर्चीवर बसल्या. मासे ओट्यावर तसेच. गडी पोहत राहिला. गडी हा आत्यांचा शब्द. बसल्या बसल्या त्यांनी एवढंच विचारलं – ह्यो गडी चाललाय कुटं?



२ डिसेंबर

रिमोट पोटावर ठेवला होता. रिमोट हलला.

मी हलवला नव्हता!!

आत्यांना हाक मारली – आत्या! – आणि ती हाक तोंडातून आपोआप आली. कणकेच्या हाताने धावत आल्या, त्यांना वाटलं काही झालं. मी रिमोटकडे बोट केलं. दोघी बघत राहिलो. पुन्हा हलला. आत्यांनी पिठाचा हात पुढे केला, मागे घेतला, पदराला पुसला, मग ठेवला. पडद्यावर तो माणूस एका जागी उभा, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

७ डिसेंबर

आत्या खेळतात. दुसरा रिमोट त्यांचा. रणगाड्यांचा गेम, दोघांनी मिळून खेळायचा. खाली मधोमध एक पाखराचं चित्र, त्याला विटांचं कुंपण. वरून शत्रूचे रणगाडे येतात. पाखरू जपायचं. आत्यांनी पहिल्या दिवशी पाखरू स्वतःच उडवलं. दुसऱ्या दिवशीही. आज मात्र त्या कुंपणापाशी ठाण मांडून बसल्या, हलायलाच तयार नाहीत. मी एकटी वर लढतेय. तू जा, म्हणतात, मी हितं हाय.

स्वयंपाक उरकून दोन वाजता येतात, डोळ्याला चश्मा लावून. दोरीने बांधलेला चश्मा. तो पोथीसाठी आणलाय.

११ डिसेंबर

हे नीट लिहून ठेवायचंय.

रणगाडे चालू होते. आत्यांचा गेला, पुन्हा कोपऱ्यात नवा आला. त्या म्हणाल्या, ह्याला किती बारी जीव मिळतो? मी म्हटलं, तीनदा. त्यांनी मान हलवली. खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता, सांगायला लागल्या. शिवतेजच्या आधी तीन गेली. एक सातव्यात, शेतातच. दोन जन्मून. दुसरं पाच दिवस होतं. बारसं झालं नव्हतं म्हणून नाव नाही, पण त्यांनी मनात ठेवलं होतं. ते मला सांगितलं नाही. सातव्यातलं गेलं तेव्हा चौथ्या दिवशी खुरपायला गेल्या. झोपून राहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी कुणी झोपू दिलं नसतं.

सगळं सांगताना अंगठा बटणावर चालूच. पाखरू सुखरूप.

मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. 'तुला लग्नात बोलले न्हाय त्याचा राग धरलास का?' मी नाही म्हटलं. खोटं होतं. त्या म्हणाल्या, 'धरलास तरी चालंल. पण उठू नगंस.'

१७ डिसेंबर

कॅसेटमध्ये एक फुगेवालाही निघाला. पाठीला दोन फुगे बांधून तरंगतो. करायचं काही नाही, नुसतं तरंगायचं. आत्यांना आवडला नाही, ह्यात काम न्हाय म्हणाल्या. मला फार आवडला. सगळी दुपार आभाळात. खिडकीबाहेरची टाकी, तिच्यावरचा बगळा, मी – सगळे एका उंचीवर.

३० डिसेंबर

अठ्ठावीस. डॉक्टरबाई घरी येऊन बघून गेल्या. टाका धरून आहे. जाताना त्यांनी रणगाड्यांकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं, आणि कोण जिंकतंय असं विचारलं. आत्या लाजल्या.

६ जानेवारी १९९७

मामांचं पत्र. मामा म्हणजे सासरे, हौसेराव. शिवतेजने वाचून दाखवलं. हळद काढायला आलीय. दोन महिने झाले, इकडं माझ्या जेवणाचे हाल. तिला संक्रांतीआधी गाडीत बसवून देणे. बाकी क्षेम.

आत्या पापड भाजत होत्या. त्यांनी ऐकलं आणि पापड उलटला. एवढंच.

मामांच्या शब्दाबाहेर त्या कधी गेल्याचं शिवतेजला आठवत नाही. दोन दिवसांत रिझर्व्हेशन करतो म्हणाला. बाई ठेवू म्हणाला. मी बरं म्हटलं. दुपारी रणगाडे लावले, पण मन लागेना. पाखरू माझ्या हातून गेलं.

७ जानेवारी

आत्यांनी पिशवी काढून खाटेखाली ठेवलीय. विचारायचं धाडस होत नाही. एकोणतीस आठवडे. एकटीने संडासापर्यंत अकरा पावलं. मी मोजून ठेवलीयत.

८ जानेवारी

आत्या शेजारच्या स्मितावहिनींना घेऊन एसटीडी बूथवर गेल्या होत्या. मला सांगितलंच नाही, कोथिंबीर आणते म्हणाल्या. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. वहिनी मात्र माझ्या पलंगाशी येऊन बसल्या, त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

गावात फोन एकाच दुकानात. मामांना मळ्यातून बोलवायला वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ आत्या बूथच्या बाहेर ताठ उभ्या. मामा आले, बोलत राहिले, पलीकडचा आवाज वहिनींनाही ऐकू येत होता. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'हळद दरसाल येती. म्या न्हाय यायची.' आणि फोन ठेवला. ठेवता येईना त्यांना, उलटा ठेवला. बूथवाल्याने सरळ केला.

कोथिंबीर घ्यायला विसरल्या.

दोन वाजता आल्या, चश्मा लावला, खुर्ची ओढली. मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाल्या, 'लाव.'

१४ जानेवारी

संक्रांत. तीस आठवडे एक दिवस. तिळगूळ मी केला – म्हणजे आडवी पडून वड्यांवर खोबरं पेरलं. शिवतेज म्हणाला, गावाहून अजून पत्र नाही. आत्या म्हणाल्या, येईल तवा येईल.

२१ जानेवारी

आता पोटातलं जागं असतं दुपारी. गेमचं गाणं लागलं की हलतं. पाण्याखालचं गाणं लागलं की गप्प. आत्या म्हणतात, झोपलं. मला वाटतं, ऐकतंय. आज आम्ही दोघी – तिघी? – बोललोच नाही. तो माणूस खाली खाली जात होता आणि आत्यांचा हात माझ्या घोट्यावर होता. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेर कुणीतरी गाद्या झोडत होतं, तेही लांबून, पाण्यातून आल्यासारखं.

२९ जानेवारी, दुपारी ३

कळा. मघापासून. अगोदर वाटलं रिमोट टोचतोय. बत्तीस आठवडे दोन दिवस. शिवतेजच्या कंपनीत फोन झाला. आत्या स्वतः रिक्षा आणायला पळाल्यात, अनवाणी. वही घेऊन जाऊ का

३१ जानेवारी

मुलगी. सोळाशे ग्रॅम. रडली.

वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे. डॉक्टरबाई आत्ताच येऊन गेल्या. म्हणाल्या, उठा. दर दोन तासांनी दूध घेऊन तुम्हीच जायचं, चालत.

उठते.