साहेबांनी समर्पक उत्तरे दिली

ती. धनराज भाऊजींच्या पायाशी,

वाशीमहून तुमच्या धाकट्या साळ्याचा, गजेंद्रचा, दंडवत. तुमचं गुडघ्याचं दुखणं आणि ताईचा तुमच्यावरचा राग, दोन्ही उताराला लागले असावेत. (पहिल्यावर औषध आहे.) फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तुमच्या तलावावरची रेंज जाते, म्हणून हा कागद.

पत्रकार दिनाला आमच्या संघानं मंगल कार्यालयात पडदा लावून पिक्चर दाखवला. कल्पना अध्यक्ष शाहिदभाईंची. दरवर्षी लोक भाषणांत झोपतात, निदान अंधारात झोपू देत. प्रमुख पाहुणे तुमच्याच पाटबंधारे हापिसाचे मोठे साहेब. पिक्चर इंग्रजांच्या अमदानीतला. गोरा कलेक्टर दुष्काळात माणसं मेल्याची बातमी दाबतो, एक म्हातारा संपादक ती छापतो आणि तुरुंगात जातो. त्याला बेड्या पडल्या तेव्हा साहेबांनी डोळे पुसले. आम्हीही पुसले, सरकारी जाहिरातींवर जगणाऱ्यांना दुसऱ्याच्या बेड्या फार जिव्हारी लागतात. आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो. पेपरचं पान लवकर लागतं, म्हणून कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच जाते. मी ती दुपारीच पाठवली होती: पिक्चर रंगला, भाषण ओजस्वी झालं, साहेबांनी उपस्थितांच्या प्रश्नांना समर्पक उत्तरे दिली. (प्रश्न कधीच कोणी विचारत नाही, त्यामुळे हे वाक्य बिनधोक असतं.)

दिवे लागले आणि मागच्या भिंतीजवळून रुखमाबाई उठली. बाई इंझोरीची. गणपतीत एका पहाटे तुमच्या तलावाचं गेट न सांगता उघडलं आणि नाल्याकाठचा तिचा वांग्या-टमाट्याचा मळा मातीसकट गेला. तेव्हापासून आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटते. गेट कोणाच्या हुकमानं उघडलं हे हापिस सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय भरपाईचं तिचं कोणी ऐकत नाही. पोळ्या आटोपून ती पिक्चर पाहत बसली होती.

"सायेब," ती म्हणाली, "त्या गोऱ्यानं लपवलं त तुमच्या डोयात पानी आलं. मंग आमच्या गेटचं तुमी काहून लपवून राह्यले?"

साहेबांनी सांगितलं की चौकशी चालू आहे आणि ती गोपनीय आहे. ती म्हणाली, गोराबी हेच म्हने. शाहिदभाई म्हणाले, जेवणं थंड होत आहेत. मग आम्ही सारे लोकशाहीचे खांब ताटावर बसलो. पोळ्या तिनंच वाढल्या, गरम होत्या.

सकाळी बातमी आली, समर्पक उत्तरांसकट. रुखमाबाई पेपर घेऊन माझ्या दारात. वाटलं, आता शिव्या. तसं काही नाही.

"छापलं त छापलं," म्हणे. "आता खरं कोनाले मालूम हाय, थे सांगा."

घरी सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
गजेंद्र

ता. क. गेटची किल्ली तुमच्याकडे असते, हे मी तिला सांगितलं. त्या पहाटे तुम्हाला फोन कोणाचा आला होता, एवढंच हवं आहे. नाव छापणार नाही. म्हणजे तुमचं.

आणखी एक. हे पत्र रुखमाबाईच्याच हाती देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही आणि तिला वाचता येतं, तेव्हा तुमच्यासमोर बसलेल्या बाईला सगळं ठाऊक आहे असं धरून चाला. ताईशीही बोललो आहे. नाव कळेपर्यंत ती रुखमाबाईला उठू देणार नाही, आणि तुम्हालाही.