खालच्या ओळीतली तिसरी रीळ

रविवार, ५ तारीख

सगळ्यात आधी टपकली शेजारीण! माझ्या नातीची स्कूटर दाराशी लागायचा अवकाश, ही हातातला झाडू तसाच घेऊन हजर. मागून नात. ती मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. पिशवीतून तिने दोन फोन काढले. एकाच कंपनीचे, दोन्ही स्वस्तातले, सख्ख्या बहिणी जशा. थोरली चकचकीत, पाठीला तीन डोळे, हातात धरावी तर साबणासारखी निसटते. धाकटी जाडजूड, डोळे दोनच – पण आवाज काय खणखणीत! शेजारीण म्हणाली, थोरलीच घ्या, चारचौघांत शोभेल. तिला कोणी विचारलं होतं?

नातीने मालकाला विचारून दोन्ही आठ दिवस वापरायला आणलेत. पुढच्या रविवारी एक ठेवायचा, एक परत.

मला काही फोन मिरवायचा नाही. कामाला पाहिजे. मी रफू करते, पण दोऱ्याचा रंग जाऊबाई ठरवायच्या. तीस वर्षं हेच चाललं. त्या कापड बघायच्या, पेटीतली नेमकी रीळ उचलून द्यायच्या, मी सुई चालवायची. पेटी त्यांनीच लावलेली. कुठली रीळ कुठल्या ओळीत, झोपेतून उठवलं तरी सांगतील. आठ महिने झाले, त्या लेकाकडे राहायला गेल्या, लांब. मग मी माझ्या अंदाजाने दोन कोट रफू केले आणि दोन्ही बिघडवले. आता फोनवरून चित्र दाखवीन आणि त्या रीळ सांगतील. बघतेच कसं जमत नाही ते!

सोमवार, ६ तारीख

व्हायोलिनवाल्यांचा कोट आला. वाद्य टेकून टेकून डाव्या खांद्याशी झिजून भोक पडलंय. शनिवारी कार्यक्रम. भला माणूस, बोलता बोलता खुर्चीतच डुलकी घेतली.

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. नंतर म्हणाला, "आई, याचाही रंग चुकला तर बस झालं. तुझी ही कामाची पुढची खोली भाड्याने देऊन टाकू." मी म्हटलं, बरं. माझ्या बरंचा अर्थ त्याला शनिवारी कळेल.

मंगळवार, ७ तारीख

कोटाला हात लावला नाही. आधी चिंध्यांवर परीक्षा. पहिली पाळी थोरलीची. चित्र आरशासारखं स्वच्छ, मला तोंड उघडायचीही गरज नाही. चिंधी धरली, म्हटलं, "बघा जाऊबाई", की झालं. त्या जरा थांबायच्या आणि रीळ सांगायच्या.

तीन चिंध्या, तीनही चुकल्या! राखाडीला निळा दोरा. जाऊबाई आणि चूक?

मग थोरलीवर माझाच फोटो काढून बघितला. सगळ्या सुरकुत्या गायब! गाल तुळतुळीत! मिनिटभर गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. पण जी माझं तोंड खोटं दाखवते ती कापड काय खरं दाखवणार? पकडली चोरी.

बुधवार, ८ तारीख

धाकटीची पाळी. चित्र धूसर, मधेच अडकतं. जाऊबाईंना म्हटलं, तुम्हाला नीट दिसणार नाही, मीच सांगत जाते. मग बसले सांगत – हा राखाडी म्हणजे चुलीतल्या राखेचा नाही, ओल्या पाटीचा. हा पिवळा जुन्या कागदाचा, कडेने तांबूस. बोलता बोलता त्यांच्या सुनेचं, शेजारणीच्या झाडूचं, सगळं निघालं. तासभर हसलो.

तीन चिंध्या, तीन बरोबर!

गुरुवार, ९ तारीख

नातीला कळवलं. ती म्हणते, असं होणारच नाही आजी, थोरलीचा कॅमेरा दुप्पट भारी आहे. म्हटलं, बाई, तुझं दुकान तुझ्यापाशी, माझी सुई माझ्यापाशी.

शुक्रवार, १० तारीख

सकाळी कोट खिडकीत नेला. धाकटी समोर उभी केली.

"जाऊबाई, तपकिरी आहे, पण नुसता नाही. गार झालेल्या चहाचा. उजेडात धरला की आतून लाल डोकावतो."

"लाल की जांभळट?"

"लाल. गंजासारखा."

"खालच्या ओळीतली तिसरी. दोरा उलटा ओवून घे, म्हणजे चमक कमी येते."

संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

शनिवार, ११ तारीख

व्हायोलिनवाले कोट घेऊन उजेडात गेले. उलटा केला, सुलटा केला. मग मला विचारतात, भोक डावीकडे होतं ना? मी म्हटलं, तुम्हीच शोधा! मुलानेही येऊन बोट फिरवून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. जाताना पुटपुटला, "खोलीचं नंतर बघू." नंतर म्हणजे कधीच नाही. मला माहीत आहे तो.

रविवार, १२ तारीख

नात थोरलीला घेऊन गेली. मी लगेच जाऊबाईंना फोन लावला. म्हटलं, धाकटीच ठेवली, तिचं चित्र खरं. त्या हसल्या. मग म्हणाल्या,

"अगं, सहा महिने झाले, मला पडद्यावर नुसता उजेड दिसतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी तुझं ऐकून सांगत होते. मंगळवारी तू नुसतं बघा बघा करत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारायची थांबली असतीस."

नातीला परत बोलावून घेतलं. ती स्वतः त्यांना आणायला जाणार आहे, इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायला. गुरुवारी दोघी येतो म्हणाल्या. पुढच्या खोलीत दुसरी खुर्ची लावली.