लिंबाच्या साली

आई, शिकेकाई दळून आणली आहे. गिरणीवाला अजूनही ती सगळ्यांत शेवटी घेतो आणि घेताना तोंडाला फडकं बांधून माझ्याकडे रागाने बघतो. तुझ्याकडेही असाच बघायचा का? तू मात्र गिरणीच्या दारात ठाण मांडून बसायचीस. पीठ पडायला लागलं की सगळी रांग शिंकायला लागायची, आणि तू पदर नाकाला लावून हसायचीस. मला तेव्हा तुझी लाज वाटायची. मला तेव्हा कशाचीही लाज वाटायची, हे तुला ठाऊक होतं.

मी आता विचुंब्याला राहते. तू पाहिलंस तेव्हा इथे भातशेती होती, आता सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्यातल्या निम्म्या बायका माझ्या हातची शिकेकाई वापरतात. माझ्या म्हणजे तुझ्याच. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, मूठभर मेथी आणि लिंबाच्या वाळवलेल्या साली. विकतच्या बाटल्यांनी केस गेले की त्या माझ्याकडे येतात. मी भाव खात सांगते, साली विसरायच्या नाहीत, कोंड्याला त्यांच्यासारखं काही नाही, माझ्या आईचा हात लागलेला नुस्खा आहे. इतकी वर्षं सांगते आहे. तुला जाऊन बावीस वर्षं झाली.

गेल्या रविवारी उरणहून मावशी आली होती. आता तिला जिना चढवत नाही, पण लिफ्टमध्येही ती डोळे मिटून उभी राहते. खिडकीत वर्तमानपत्रावर साली वाळत होत्या. तिने एक उचलली, वास घेतला आणि विचारलं, "अजून करतेस व्हय गो हे?" मी म्हटलं, कोंड्यासाठी. तशी ती हसलीच.

"कसला कोंडा? तुज्या डोक्यात कदी कोंडा नवता. तुज्या शालेत सभा व्हती, तवा तुज्या आयनं मना इचारलं, केसातला मासलीचा वास कशानं जातो. मीच सांगितलं, लिंबू लाव."

मी रिठे फोडत होते. फोडत राहिले. बिया एका बाजूला, टरफलं एका बाजूला. रडू यायला हवं होतं, निदान मावशी त्या तयारीने माझ्याकडे बघत होती. मी तिला चहा विचारला.

मी सातवीत आहे. तू बाजारातून येऊन मोरीत बसली आहेस, मासळीची पाटी धुते आहेस, पाण्यात मांदेलीचे खवले तरंगताहेत. मी दारात उभी राहून सांगते, पालकसभेला तू येऊ नकोस. का, असं तू विचारत नाहीस, तरी मी सांगते. तुझ्या केसांना वास येतो. तू पाटी उलटी करून तिचं पाणी काढतेस आणि म्हणतेस, "बरं." त्या सभेला तू आली नाहीस.

मग घरात लिंबं यायला लागली. बाजाराच्या तोंडाशी सरबताची गाडी होती, तिथली पिळलेली लिंबं तू रोज पदरात बांधून आणायचीस आणि पत्र्यावर वाळत घालायचीस. लोकांनी टाकलेलं घरात कशाला, म्हणून मी एकदा सगळी उकिरड्यावर फेकली. तेवढ्या एका दिवशी तू माझ्यावर ओरडलीस. "साल हाय ती! तुज्या कोंड्याला आनते मी, आनि तू फेकतेस?" उकिरड्यावरून एकेक वेचून आणायला लावलीस. शनिवारी तू त्या साली उकळून केस धुतलेस, तोच काढा माझ्याही डोक्यावर ओतलास, माझे डोळे झोंबले, मी घर डोक्यावर घेतलं. माझ्या डोक्यात कोंडा आहे हे मी तेव्हापासून धरून चालले.

पुढच्या सभेला तू न विचारता आलीस. केस ओले होते, पाठीवर ब्लाउज भिजला होता. शेवटच्या बाकावर बसलीस. मी तुझ्या शेजारी बसले आणि मध्ये दप्तर ठेवलं. परत येताना वाटेत तू थांबलीस. "काय गो, आज बरं व्हतं ना?" मला वाटलं, तू माझ्या मार्कांचं विचारते आहेस. मी म्हटलं, हो, बरं होतं. तू पुढे चालायला लागलीस, आणि घरी येईपर्यंत कुठल्याशा बाईची नक्कल करून मला हसवत राहिलीस. त्यानंतर तू एकही सभा चुकवली नाहीस.

आज पीठ चाळून डबे भरले. तळमजल्यावरची नवीन मुलगी आली, तिने विचारलं, यातल्या साली कशासाठी. मी म्हटलं, कोंड्यासाठी.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. तो वास गेला नव्हता, आई. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. मी दप्तर काढलं नाही ते त्यामुळेच. आणि आता, मावशी गेल्यापासून रोज, मी तो वास आठवून बघते आहे. बाजारात मासळीच्या ओट्यांजवळही जाऊन उभी राहिले. तुझा काही केल्या आठवत नाही. मला फक्त लिंबाचा येतो.