कोरायचे नाव, चिकटवायचे नाही

प्रति,
मा. सचिव,
शहीद स्मृतिस्तंभ समिती तथा परदेशी पाहुणे स्वागत कक्ष,
जि. बुलढाणा.

विषय : माझा मुलगा कै. हर्षल याचे नाव स्तंभावर एका दिवसापुरते चिकटवू नये, कोरावे, याबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र आणि आपलेच निमंत्रण.

महोदय,

अर्जदार सरस्वतीबाई अर्जुनराव नारखेडे, रा. वाघझरी, ता. मोताळा, लेखी कळविते की, माझा मुलगा केंद्रीय पोलीस दलात होता. शांतता मोहिमेवर आफ्रिकेत असता, सोबतच्या परदेशी दलाच्या दोघांना पेटत्या गाडीतून काढताना तो गेला. त्या दलाची माणसे कामाने पोलीस आणि दर्जाने सैनिक असतात. त्यांनी आपल्या छावणीतील दगडावर हर्षलचे नाव कोरून मला फोटो पाठविला.

आपण मात्र कळविले की मयत हा पोलीस, सबब सैनिकांच्या स्तंभावर बसत नाही. पोलिसांच्या यादीसाठी गेले तर उत्तर मिळाले की मृत्यू लष्करी स्वरूपाच्या मोहिमेत झाला, सबब तेथेही बसत नाही. चार वर्षे मी हेच ऐकत आहे. मेलेल्या माणसाला बसायला एवढी जागा लागते, हे मला ठाऊक नव्हते.

आता तेच परदेशी दल आपल्या दलांशी सहकार्याची बोलणी करण्यास भारतात आले असून, त्यांच्या प्रमुखांना हर्षलचे नाव असलेला इथला स्तंभ पाहायचा आहे. त्यासरशी आपला माणूस माझ्या घरी आला व नाव नीट लिहून घेतले. मला वाटले, झाले एकदाचे. मी चहा केला. कप खाली ठेवताना तो म्हणाला, "फ्लेक्सची पट्टी लावून राह्यलो, माय. पाहुणे गेले का काढून घेऊ. दगडाले काही होत नाही."

दगडाला काही होत नाही, हे खरे आहे. मला झाले, याची नोंद घ्यावी.

निमंत्रणात आपण लिहिता की मी पाहुण्यांना ओवाळावे, परंतु बोलू नये. आपल्याला लाज कशी वाटली नाही, याचा खुलासा व्हावा.

मी येईन. ओवाळीन, कारण पाहुण्यांचा काही दोष नाही. त्यानंतर ती पट्टी त्यांच्यादेखत माझ्या हाताने काढीन. पाहुणे दि. १८ ला येणार आहेत; त्यापूर्वी नाव कोरल्यास ही वेळ येणार नाही. पाथरवटाला विचारले आहे, अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आपली (नम्र लिहवत नाही),
सरस्वतीबाई अर्जुनराव नारखेडे
वाघझरी, दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत : छावणीतील दगडाचा फोटो, दोन्ही नकारपत्रे.
प्रत : परदेशी दलाचे प्रमुख. सून सुचिता शाळेत इंग्रजी शिकवते. तिने भाषांतर करून आज सकाळीच पाठविली.