टॉवेलाखालचा सौदा

अण्णा, बातमी खरी आहे. काल दुपारी दुजोरा मिळाला, आणि तो देणारी बाई आपल्या नात्यातली नाही की सांगलीची नाही. ती सोमालियातल्या एका बंदराच्या गावातून विशीत जर्मनीला आली. आता स्टुटगार्टच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिचे वडील उंट-शेळ्यांच्या बाजारात दलाली करायचे. आमच्या भागातल्या छोट्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टेबलावर पसरलेल्या टॉवेलाखाली तिने माझा हात धरला, आणि तुम्ही जन्मभर सांगत आलात ते खरं ठरलं. समुद्रापलीकडच्या माणसाशी एक शब्द न बोलता सौदा होतो. घरात सगळे ज्याला ‘अण्णांची थाप’ म्हणत आले, त्याला आता दुसरा साक्षीदार मिळाला आहे.

ती रीत मी स्वयंपाकघरात शिकले. बायकांनी सौद्याला उभं राहायची तेव्हा पद्धत नव्हती. हळदीचे सौदे आटोपून तुम्ही दुपारी घरी यायचात ते बंडीच्या शिवणीपर्यंत पिवळे होऊन. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची. तुम्ही पाटावर बसून खांद्यावरचा टॉवेल काढता, माझा हात त्याखाली घेता आणि दोन बोटं दाबता. म्हणजे दोन भाकऱ्या. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पेराला चिमटा काढला की अर्धा. मग ते दहा की शंभर एवढंच तोंडाने म्हणायचं, बाकी जगाला काही कळता कामा नये. मी आईला ओरडून सांगायची, “अण्णांना अडीच पाहिजेत!” आणि आई म्हणायची, “अहो, तोंड दिलंय की देवानं! का तेबी अडतीत घातलंय?” तुम्ही हसायचात, पण मी हसले की रागवायचात. एकदा चांगलंच रागावलात. मी मनासारखा आकडा लागल्यावर खुदकन हसले, तर तुम्ही हात काढून घेतलात आणि म्हणालात, “बोटं बोलू देत, तोंड दगडाचं ठेव. तुझ्या दातांकडं बघून समोरचा दहा रुपयं वाढवील.” आठ वर्षांची मी, त्यानंतर कितीतरी दिवस आरशासमोर उभी राहून दगडाचं तोंड करत होते.

शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही त्याच्याच हळदीचा भाव कळायचा नाही, म्हणून ही रीत पुढे बंद झाली आणि उघडी बोली आली. ते बरंच झालं, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. तुम्ही काही दिवस घर धरून बसलात आणि मग पेठेत सगळ्यात मोठ्या आवाजात बोली पुकारू लागलात. मला पुण्याच्या वर्तमानपत्रात बाजारभावाच्या पानावर नोकरी लागली तेव्हा तुम्ही तो जुना टॉवेल माझ्या पिशवीत टाकलात. “बातमीदाराला घाम पुसायला लागतोय,” म्हणालात. त्याची हळद अजून निघालेली नाही. इथल्या वॉशिंग मशीनमध्ये एकदा चुकून गेला, तर जावयाचे तीन शर्ट पिवळे झाले. जावई बिचारे म्हणाले, “असू दे, आई. ऑफिसात सगळे विचारतील तरी, कुठल्या ब्रँडचे.”

आणि ती मुंबईची गोष्ट. तरुणपणी तुम्ही हळदीच्या पोत्यांबरोबर मुंबईला गेला होतात. बंदराजवळच्या वखारीत गलबतातून उतरलेला एक अरब आला. त्याला मराठी येत नव्हतं, तुम्हाला अरबी येत नव्हतं. त्याने बाहीतून हात पुढे केला, तुम्ही टॉवेल टाकलात आणि चहा निवायच्या आत सौदा झाला. गोष्ट एवढीच, पण दर दिवाळीला ती नवी व्हायची. कधी अरब सहा फुटांचा, कधी त्याच्या कमरेला खंजीर, कधी दोन. परवा फोनवर तुमच्या धाकट्या लेकाला विचारलं, तर तो म्हणाला, “आक्का, मलाबी सांगितलीया ती. फेटा तेवढा दर खेपेला बदलायचा. चल, माझे सौदे निघालेत.” फोनवर मागून बोलीचा गलका ऐकू येत होता. तुमची आठवण झाली.

मी नोकरीभर एकच नियम पाळला, एकाच माणसाच्या तोंडची बातमी छापायची नाही. त्यामुळे तुमची ही गोष्ट मी कधी कुठे लिहिली नाही. निवृत्त होऊन स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात लेकीकडे राहायला आले, आणि संग्रहालयात जुन्या व्यापारी वाटांवर प्रदर्शन भरणार असं कळलं. शेजारपाजारच्या परदेशी लोकांनी आपापल्या घरची वस्तू आणावी, असं आवाहन होतं. मी हळकुंडं घेऊन गेले. तिथला प्रमुख हा तिशीतला लांबडा मुलगा, बोलताना दर वाक्याला ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणतो. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “सुंदर आहेत, पण आमच्याकडे हळद तीन घरांतून आली आहे.” मग मी त्याच्यापुढे टॉवेल पसरला. त्याने पाचपर्यंत बोटं दाबून घेतली, खूश झाला, आणि लगेच सावध झाला. “आल्झो, तर मग, एका घरातली आठवण म्हणजे घरातला खेळ. दोन किनाऱ्यांवर तीच आठवण सापडली, तर ती व्यापाराची वाट. दुसरा कोणी मिळेल का?” माझाच नियम त्याने मला सांगितला. मला राग यायला हवा होता, पण त्याला पगारवाढ द्यावीशी वाटली.

दुसरा माणूस शोधायला मी कुठे कुठे गेले ते विचारू नका. तुर्की भाजीवाला म्हणाला, त्याच्या आजोबांना माहीत असेल, पण ते आता नाहीत. मासळीवाल्याने माझा हात प्रेमाने दाबला आणि मी मासे मागतेय असं समजून बांगडा बांधून दिला; त्याला काही कळलं नाही. शेवटी माणूस सापडला तो तुमच्या पणतीमुळे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. बोटांची भाषा मी तिला शिकवली, तर तिला ती दोन्हींपेक्षा आवडली. “नोख्माल, आजी!” म्हणजे पुन्हा एकदा, करत ती रोज माझ्या मागे. पोहण्याच्या तलावावर ती आणि तिची मैत्रीण ओल्या टॉवेलाखाली हात घालून चॉकलेटांचा सौदा करत बसल्या होत्या. मैत्रिणीची आई, हीच ती परिचारिका, न्यायला आली, तिने ते पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. “हे कुणी शिकवलं तुला?” “माइने आजी,” म्हणजे माझी आजी, पणती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईने बाकावर पिशवी ठेवली, माझ्याजवळ आली आणि विचारलं, “तुम्ही शेळ्या विकायचात का?”

आता कालचं सांगते. संग्रहालयाचा प्रमुख, तो लांबडा मुलगा, वही घेऊन बसला होता. मी तुमचा टॉवेल पसरला. प्रदर्शनाच्या भिंतीवर जागा मिळते का, याची मला फारशी पर्वा नव्हती, अण्णा. पण तिची बोटं वेगळं काही बोलली, तर मुंबईची गोष्ट तुम्ही रचली होती हे मला कळणार होतं, आणि मग दर दिवाळीला मला ते आठवणार होतं. म्हणून मी हात टॉवेलाला पुसून घेतला. एकापासून पाचापर्यंत आम्ही सरळ गेलो. पण पाच बोटं कुणालाही मोजता येतात. सहाला मी तुमच्या पद्धतीने पंजा धरून वर एक बोट दाबलं, तर तिने मान हलवली आणि नुसती करंगळी धरली. वहीवरचं पेन थांबलं. तेवढ्यात ती म्हणाली, “सहाचं असंच असतं. आमच्या बंदरातला सहा आणि आतल्या गावातला सहा वेगळा. माझे बाबा त्यावरून भांडायचे.” आणि मला एकदम तुम्ही दिसलात, ओसरीवर, कुणा बाहेरगावच्या खरेदीदारावर तडतडताना: “ह्या लोकांचा सहाच सरळ न्हाई!” मी तिला ते सांगितलं. ती टेबलावर थाप मारून हसली. मग मी तिच्या बोटाचं पेर चिमटीत धरलं. मी पुरतं दाबायच्या आतच ती म्हणाली, “अर्धा.”

त्या मुलाने विचारलं, “तुमच्याकडे हे काम करणाऱ्याला काय म्हणतात?” आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो, दलाल. तिच्या भाषेत थोडा लांबवून, आपल्यात थोडा आखडून, पण तोच. अरबी व्यापाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवर उतरवलेला शब्द. मुलगा या खेपेला ‘गेनाऊ’ म्हणायचंही विसरला. मग आम्ही खरा सौदा केला, तिची शेळी आणि माझं हळदीचं पोतं. दोघींची तोंडं दगडाची. तिचे वडीलही तिला हसण्यावरून ओरडले होते, हे मला नंतर कळलं. मी वाढवते, ती उतरवते, मी पेर दाबते, ती मनगट धरून हात झटकते, म्हणजे चालती हो. शेवटी दोघींना हसू आवरलं नाही आणि शेळी कुणाची ते ठरलंच नाही.

रात्री झोपताना मी त्या वाटेचा विचार करत होते. कोकणातल्या आणि मलबारातल्या बंदरांतून मिरी, आलं निघायचं. वारा फिरला की गलबतं एडनला लागायची, पुढे तांबडा समुद्र, कैरो, मग व्हेनिस, मग खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून इकडच्या पेठांत. अख्खी वाट कुणी एकटा चालला नाही. माल हातोहात गेला. श्रीमंत दिसावं म्हणून इथले लोक मटणावर मिरी ओतायचे, आणि इथे अजून भरमसाट बिलाला ‘मिरी टाकलेलं बिल’ म्हणतात. नाताळच्या केकात लवंग आणि दालचिनी आहे, आणि लेकीच्या जर्मन सासूबाईंना दोन्ही इथल्याच वाटतात. आपले आकडे त्याच वाटेने इकडे आले. उलट दिशेने घोडे आले आणि दख्खनच्या राजांची लढाईच बदलली. त्या काळच्या प्रवाशांनी आपल्या किनाऱ्यावरच्या या कापडाखालच्या बोटांबद्दल लिहून ठेवलंय. मला एवढंच कळत नाही की ते कापड वाटेत कुठे गळलं. कैरोपुढे कुठेतरी हात उघडे झाले. तो मुलगा म्हणाला की त्याचे आजोबा डोंगरावरच्या गुरांच्या बाजारात वासरू विकताना एकमेकांच्या तळहातावर टाळी मारायचे. त्याचा आपल्याशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही. हात सगळ्यांनाच असतात. पण ते सांगताना त्याचा चेहरा मात्र अगदी तुमच्यासारखा झाला होता.

चहा घेताना मी त्या बाईला मुंबईची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “अरब कशावरून? आमचा असेल. तुमच्या वडिलांना काय कळणार? आमचे लोकही गलबतं घेऊन मुंबईला जायचे.” म्हणजे इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाचं कौतुक केलं असण्याची शक्यता आहे. तुमची भेट झाली याचा पुरावा अजूनही नाही. ती होऊ शकत होती, एवढंच सिद्ध झालं. माझ्या पानावर मी तेवढंच छापलं असतं. मला तेवढं पुरतं.

प्रदर्शन रविवारी उघडेल. आमच्यासाठी दोन खुर्च्या, एक टेबल आणि तुमचा टॉवेल ठेवलाय. येणाऱ्या मुलांना मिरीच्या पुड्यांचा सौदा टॉवेलाखाली करायला शिकवायचं, असं ठरलं आहे. तुमच्या पणतीने दलाल आपणच होणार असं जाहीर केलंय, आणि दलाली चॉकलेटमध्ये घेणार आहे. ती बाई तिच्या आईला घेऊन येईल. म्हातारीला बाजारातला सहा कुठला खरा ते पक्कं माहीत आहे म्हणे, त्यामुळे भांडण होईल अशी अपेक्षा आहे. धाकटा सौदे लवकर आटोपून व्हिडिओवर बघणार आहे.

एक राहिलं. भिंतीवरच्या मजकुरात तुमची गोष्ट घेतली आहे, ‘कुटुंबात सांगितली जाणारी’ असं स्पष्ट लिहून. त्या मुलाने वही उघडून विचारलं, त्या माणसाचा फेटा कोणत्या रंगाचा होता? तुम्ही कधी पांढरा सांगितलात, कधी लाल, एका दिवाळीला तर जरीचा. मला दुजोरा द्यायला कुणी नव्हतं. त्या बाईने टेबलाखालून माझं एक बोट दाबलं, त्याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही. हिरवा, मी म्हणाले. तोंड दगडाचं ठेवून म्हणाले. आज ते छापून लागलंयही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हा शेवटचा परिच्छेद गाळूनच मी ते टाकलं असतं.