झाकण लावलं!

२९ नोव्हेंबर

पडलं एकदाचं! सकाळी दार सरकवलं तर अंगणच नाही. काल होतं.

आणि हेच ते? याच्यासाठी मी चौथीपासून उसासे टाकत आलो? आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं ते हिम —

ये रे हिमा, पाऊल न वाजवता ये,
झोपल्या छपरांना पांघरूण दे.

बाई खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या. बाहेर ऊन, केळीची पानं, आणि आम्ही चाळीस पोरं डोळे मिटून थंडीने शहारायचो. ते हिम होतं. हे बर्फ आहे. ओलं, जड, आणि दुपारपर्यंत धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखं मळकट.

कागोशिमात आमचा ज्वालामुखी डोंगर आमच्यावर राख टाकतो. पण राख सोंग तरी करत नाही. झाडली, पिशवीत भरली, कोपऱ्यावर ठेवली. इथे पाणी पडतं — साधं पाणी! — आणि अख्खं गाव त्याची चाकरी करतं.

३० नोव्हेंबर

इथल्या देवळातल्या भिक्षूचं बोलणं डोक्यातून जात नाही. किनुएचा अस्थिकलश मांडीवर घेऊन दोन दिवस गाड्या बदलत आलो. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! आणि तो मिसरूड फुटलेला भिक्षू चहा ओतत म्हणतो, "जावईबुवा, पंधरा दिवस उशीर केलात. थडग्यांना फळ्या बांधून झाल्या. आता वर दोन पुरुष बर्फ चढेल. एप्रिलअखेर बघू."

एप्रिलअखेर. मेलेल्या माणसालाही इथे हंगाम लागतो!

तिचं माहेर हे. धाकटा भाऊ गेल्यापासून चार वर्षं घर रिकामं; किल्ली शेजारच्या तोमेकडे. तेव्हा मी आता या थंडगार घरात, कलशाची राखण करत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अख्ख्या कामिनुमा गावाचा जावईबुवा.

माझी इच्छा नव्हतीच. आमच्या घराण्याचं थडगं समुद्रासमोर आहे. तिच्यासाठी जागा होती, माझ्या शेजारी. पण सप्टेंबरात, इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात — "मला कामिनुमाला ठेवा. माझ्या माणसांत."

माझ्या माणसांत! मग मी कोण होतो एक्कावन्न वर्षं? भाडेकरू?

२ डिसेंबर

तोमे येऊन नियम सांगून गेली. वय एक्याऐंशी, कमरेत काटकोन, आवाज मात्र गोदीवरच्या मुकादमाचा. लहानपणी किनुएची मैत्रीण होती म्हणे. मला खरं वाटत नाही. किनुए हळू बोलायची.

घरांसमोरून पाट जातो. दर घरापुढे त्याला एक लोखंडी झाकण. पाण्याची पाळी ठरलेली. आमच्या आळीची सकाळी सहाला. झाकण उघडायचं, बर्फ लहान लहान करून पाटात लोटायचं, झाकण लावायचं, पायाने दोनदा ठोकायचं. आणि मग — हे ऐकून मी हसलोच — रस्त्यात उभं राहून ओरडायचं: "झाकण लावलं!" खालच्या घराने म्हणायचं, "ऐकलं!" मग त्यांनी आपलं उघडायचं.

"मी काही मासळीबाजारात बसलेलो नाही," मी म्हटलं.

"बाजार बरा," ती म्हणाली. "तिथे ओरडलं नाही तर फक्त मासळी कुजते."

उद्धट म्हातारी!

३ डिसेंबर

ओरडलो नाही. ती खालून तीनदा ओरडली, "लावलं का हो?" मी आत येऊन चहा केला.

११ डिसेंबर

कमरेइतकं. सांगायला शरम वाटते, पण कागोशिमाच्या राखेची आठवण येते.

इथली माणसं दुसऱ्या कशावर बोलतच नाहीत. आज किती पडलं, काल किती होतं, चाळीस वर्षांपूर्वी किती होतं. बर्फ नसतं तर हे गाव मुकं झालं असतं! जेवण म्हणजे लोणचं. सकाळी मुळ्याचं, दुपारी पानकोबीचं, संध्याकाळी दोन्हीचं. तोमे ताट झाकून आणून देते, मी खातो, आणि मनात नावं ठेवतो.

आज देव्हारा पुसला. सासरे, सासू, मेहुणा — पूर्वजांच्या नावाच्या काळ्या पाट्या ओळीने. मागे एक बोटभर पाटी, धुराने काळी झालेली, अक्षर लागत नाही. मांजराची असेल. बर्फात मांजरं मरत असतील आणि यांना वेळच वेळ!

१९ डिसेंबर

तोमेला कविता म्हणून दाखवली. चूक माझीच. ती डबा परत न्यायला आली होती, खिडकीबाहेर भुरभुर चालू होती, आणि किती दिवसांत कुणाशी धड बोललो नव्हतो. ओठांवर आलीच.

पहिल्या दोन ओळी तिने ऐकल्या. मग म्हणाली, "लिहिणाऱ्याने फावडं कधी उचललं होतं?"

"कवितेला फावडं लागत नाही!"

"पांघरूण म्हणे! किनुएला ऐकवायचात?"

"दर हिवाळ्यात."

ती डबा न घेताच गेली. अरसिक!

पण किनुएही तशीच. कागोशिमात एका वर्षी चक्क बोटभर पडलं. मी अनवाणी अंगणात, पोर खांद्यावर, मोठमोठ्याने कविता! आणि ही घरात काय करते? झाकणं लावत फिरते. भाताच्या भांड्याचं, न्हाणीच्या टाकीचं, परसातल्या विहिरीचं. लावायची आणि बोटाने दोनदा ठोकायची. रोजचंच होतं ते, पण त्या दिवशी तीनतीनदा. मी तिला झाकणांची राणी म्हणायचो. पोरीलाही तेच म्हणायला शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली होती, "अहो, दुसरी कुठली येत नाही का कविता?"

मला लागलं होतं ते. गिरणीत काम केलेली बाई, तिला काय कळणार, असं मनात म्हटलं होतं.

३१ डिसेंबर

वर्षाच्या शेवटच्या शेवया एकट्याने खाल्ल्या. कलशासमोर एक वाटी. मिहोकोचा फोन — "बाबा, इथे या. आईला पण घेऊन या. एप्रिल कुणी बघितलाय!" पोरीला आवाज आईचा आहे, अक्कल माझी. म्हणजे बेताची.

८ जानेवारी

छपरावरचं बर्फ काढायला गावातले तिघे चढले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. खाली उभं राहून "सांभाळा" म्हणायचं काम दिलं.

९ जानेवारी

पडतंय.

१० जानेवारी

पडतंय. शाळेतल्या बाईंना एकदा इथे आणायला हवं होतं.

१७ जानेवारी

आज फार झालं.

सहाला उठलोच नाही. का उठू? पाळी म्हणे! अकराला उठून, ऊन बघून, दारातलं बर्फ पाटात लोटलं. लहान लहान कोण करत बसतं — सुपाएवढं लोखंडी फावडं भरून मोठमोठी ढेकळं. चारपाच. पाणी थोडं होतं, वरच्या आळीचं बर्फ आधीच वाहत येत होतं. हात गारठले, आत आलो, रजई लावलेल्या तापत्या मेजाखाली पाय घातले.

अर्ध्या तासात आरडाओरडा. माझी ढेकळं तोमेच्या दारासमोरच्या वळणावर अडकली, पाट तुंबला, पाणी सरळ तिच्या ओसरीत! तांदळाची गोणी भिजली, चपला तरंगल्या. माणसं काठ्या घेऊन टोचत होती.

मी गेलो. माफी मागायची तयारी होती — अगदीच रानटी नाही मी. पण तोमे तिच्या ओसरीत नव्हतीच. ती माझ्या दारासमोर उभी होती. झाकणापाशी. मी ते उघडंच टाकलं होतं. ती त्या भोकाकडे बघत होती.

"तोमेबाई, तांदूळ भरून देतो —"

"तांदूळ गेला चुलीत!" केवढ्याने ओरडली! "या घरचं झाकण! सगळं गाव सोडून या घरचं झाकण उघडं!"

पडवीएवढ्या पोटाचा शेजारी मध्ये पडला, "जाऊ दे आजी, जावई आहे, त्याला काय ठाऊक." तिने स्वतः वाकून झाकण ओढलं. दोनदा ठोकलं. ओरडली मात्र नाही. रडत होती.

एका झाकणासाठी! मी आत आलो. काय माणसं ही. काय गाव.

१८ जानेवारी

ठरलं. किनुएला परत घेऊन जातो. समुद्रासमोर, उन्हात, माझ्या शेजारी. शेवटच्या आठवड्यात तापात माणूस काहीही बोलतं. या बर्फाच्या पेटीत, या लोणचेखाऊ, ओरडणाऱ्या लोकांत मी तिला ठेवणार नाही. मिहोकोला कळवलं. ती फोनवर रडली — आनंदाने, बहुतेक.

४ फेब्रुवारी, सकाळी नऊ चाळीसची गाडी.

२६ जानेवारी

तोमे डबा ठेवते आणि दार न वाजवता जाते. बरंच आहे.

३ फेब्रुवारी

झोपायची वेळ टळून गेली. तरी लिहितो.

आज हिवाळा संपल्याचा सण. बाहेर चार हात बर्फ, आणि हिवाळा संपला! सगळीकडे भुतं पळवायला भाजलेले सोयाबीन उधळतात. इथे शेंगा — सालासकट भुईमुगाच्या शेंगा. बर्फातून वेचून खाता येतात म्हणून. भुतांवरही काटकसर! असं मनात म्हणत किल्ली द्यायला तोमेकडे गेलो.

ती ओसरीत शेंगा वेचत होती. "बसा," म्हणाली. मी उभाच राहिलो.

"उद्या निघतो. किनुएला घेऊन."

तिचा हात थांबला. "कुठे?"

"आमच्याकडे. तिकडे सूर्य असतो."

"आणि फुमी?"

"कोण फुमी?"

तिने वर बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊकच नाही. एक्कावन्न वर्षं!"

मी बसलो.

तिचे शब्द आठवतील तसे —

"आम्ही दोघी नऊ वर्षांच्या. फेब्रुवारीच होता. पाळी तुमच्या घराची. तेव्हा लोखंड कुठलं, पाटावर फळ्या असायच्या. तिची आई म्हणाली, किनुए, फळी टाक आणि ये. तेवढ्यात मी हाक मारली. मी! चल, उतारावर घसरायला. ती तशीच धावली. फुमी चार वर्षांची, धाकटी बहीण. शेपटासारखी असायची हिच्या मागे. आली मागून. वरून ताजं भुरभुरलेलं. भोक दिसलंच नसेल पोरीला."

"आठ दिवस गाव पाट उपसत होतं. मिळाली एप्रिलात. खालच्या शेतात, बर्फ गेल्यावर. तोवर तिची आई रोज दारात बसायची. किनुएला एक शब्द बोलली नाही कधी. एक शिवीसुद्धा नाही. दिली असती तर बरं झालं असतं, जावईबुवा. पंधरा पुरी झाली आणि गिरणीच्या गाडीत बसून गेली. नंतर आली ती आईबापांच्या मातीलाच, उन्हाळ्यात."

"तेव्हापासून ओरडतो आम्ही. तुम्हाला वाटलं हौस आहे?"

परत आलो. देव्हाऱ्यातली ती बोटभर पाटी ओल्या फडक्याने पुसली. बराच वेळ पुसली. अक्षर लागलं.

मांजर म्हणालो होतो मी.

एक्कावन्न हिवाळे. ती भात वाढायची आणि मी खिडकीशी उभा राहून, आवाज लावून, हात पसरून — पांघरूण दे! झोपल्या छपरांना पांघरूण दे! आणि तिने एकदाच, फक्त एकदाच विचारलं, दुसरी कुठली येत नाही का?

अरसिक कोण होतं!

४ फेब्रुवारी

सहाला पाणी आलं. बर्फ लहान लहान करून लोटलं. झाकण लावलं, पायाने दोनदा ठोकलं. ओरडलो. आवाज फाटला, पुन्हा ओरडलो. खालून तोमे — "ऐकलं!"

नऊ चाळीसची गाडी गेली असेल. एप्रिलपर्यंत इथेच.

आत येऊन किनुएलाही सांगितलं. लावलं गं. दोनदा ठोकून.